दत्तारामच्या रिव्हॉल्वरला लागलेल्या मुंग्या

काडतूस कानाशी धरून हळूच हलवलं की आत दारू सळसळते. डब्यात चिमूटभर नाचणी घालून हलवावी तशी, पण अगदी बारीक. सळसळ ऐकू आली तर बरं. नाही आली, तर ते काडतूस बाजूला ठेवायचं आणि वर्कशॉपच्या इब्राहिमचाचांना हाक मारायची. बहारीनला नवा माल आला की माझी सकाळ अशी काडतुसं कानाला लावण्यात जायची. समोरच्या गॅरेजातला केरळी मेकॅनिक पहिल्यांदा बघून चांगलाच घाबरला होता. आमच्या ह्यांना म्हणाला, "भाईसाब, भाभी गोली से बात करती है." हे म्हणाले, "घरात माझ्याशी बोलते ते ऐकशील तर गोळीची दया येईल तुला."

लिहायला बसले आहे खरी, पण मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं हातांनी शिकले. तेव्हा वाक्य कुठे घसरलं तर सांभाळून घ्या.

आता तुम्ही विचाराल, संगमेश्वराकडची बाई रिव्हॉल्वरच्या धंद्यात कशी शिरली? शिवणाच्या मशीनवरून शिरली. सत्तरच्या दशकात हे बहारीनला ड्रायव्हर म्हणून गेले, मागाहून मी. बँकांची रोकड नेणाऱ्या गाड्या चालवायचं ह्यांचं काम. त्या गाड्यांवर रखवालदार असत आणि प्रत्येकाच्या कमरेला रिव्हॉल्वर. तिकडची हवा म्हणजे उन्हाळ्यात भिजलेलं घोंगडं अंगावर टाकल्यासारखी, वर समुद्राचा खार. घामानं आणि खारानं होल्स्टरचं, म्हणजे रिव्हॉल्वर ठेवायच्या म्यानाचं, चामडं कुजायचं, शिवण उसवायची. एके दिवशी हे म्हणाले, "कंपनी होल्स्टर शिवायला माणूस शोधतेय. चामडं शिवशील?" मी म्हटलं, "गोधड्या शिवलेल्या हातांना चामड्याचं काय कौतुक!"

कंपनीचा वर्कशॉप अदलिया वस्तीच्या कडेला एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत होता. तिथले मुख्य म्हणजे इब्राहिमचाचा. म्हसळ्याकडचे. अर्धं आयुष्य बोटीवर फिटर म्हणून काढलेलं. दाढी पांढरी, हात काळे, आणि तोंडात सदा लवंग. हात सोन्याचे होते, पण जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्म्याशी त्यांचं वैर. मी कोपऱ्यात मशीन चालवत असायची. ते हाक मारायचे, "बाय, जरा इकडं ये गो. ह्या खाचेत काय दिसतंय ता सांग." मी जाऊन सांगायची, "केस अडकलाय चाचा." "काढ मग." असं सांगता सांगता काढायला शिकले, काढता काढता खोलायला शिकले. वर्षभरात होल्स्टर कमी आणि रिव्हॉल्वरं जास्त, असं झालं. कंपनीनंही मग रीतसर माझं नाव लावून घेतलं.

रिव्हॉल्वर म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगते. सिनेमात दिसतं तेवढं ते गूढ नसतं. मधे एक गोल चक्री, तिला सहा भोकं, प्रत्येक भोकात एक काडतूस. बोटानं चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते आणि मागचा घोडा काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आपटतो. टोपी म्हणजे काडीपेटीतल्या गुलासारखी. ती पेटली की दारू पेटते, गोळी जाते. चक्रीच्या मागच्या बाजूला मधोमध एक चांदणीसारखा तुकडा असतो. पुढची दांडी दाबली की ही चांदणी वर उचलली जाते आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडतात. एवढंच. पण ह्या सगळ्यात जी फट असते, चक्री आणि तिच्या मागची लोखंडी भिंत यांच्यातली, ती कागदाएवढी असते. तिथे काही आलं की चक्री फिरत नाही, आणि चक्री फिरली नाही की चाप ओढता येत नाही. मग कमरेला रिव्हॉल्वर असलं काय आणि वरवंटा असला काय.

काडतुसांचीही परीक्षा घ्यायची असे. प्रत्येक पेटीतले काही नग काढायचे. टोपी बुडाशी सपाट बसली आहे ना, का वर आली आहे? बोट फिरवलं की कळतं. वर आलेली टोपी मागच्या भिंतीला घासते. मग पाच गोळ्या झाडायच्या आणि सहावी न झाडता बाहेर काढून तिची लांबी मोजायची. का? तर धक्क्यानं कधी कधी गोळीच पुंगळीतून पुढे सरकते आणि चक्रीच्या तोंडातून जीभ काढते. मग चक्री अडली. चाचा म्हणायचे, "सहावी गोळी ही घरातली धाकटी सून. आधीच्या पाच जणींचे धक्के खाऊन जी जागेवर ऱ्हवते, ती खरी."

कानाला कापूस लावून मी पुष्कळ गोळ्या झाडल्या. त्या वेळी कानाची फार काळजी कुणी घेत नसे. आज डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं. सून काही टोचून बोलली तर मी तोच कान पुढे करते, पण नातवंडं कानात गुपित सांगतात ते हुकतं, ह्याचं मात्र वाईट वाटतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक बलुची रखवालदार होता, करीमबक्ष. भला माणूस, पण थाटाचा. त्याच्या सहा काडतुसांतली चार टेस्टला फुस्स झाली. घोडा आपटल्याची खूण टोपीवर छान खोल, पण आवाज नाही. मी रिव्हॉल्वर नाकाशी नेलं तर गुलाबाचा घमघमाट. विचारलं, तर म्हणाला, "भाभी, लोहे की बदबू आती थी." म्हाराज रोज रात्री अत्तरात बुडवलेल्या फडक्यानं काडतुसं पुसून ठेवत होते! तेल टोपीत झिरपतं आणि आतला गूल मारतं. त्याला समजावलं, "अत्तर मिशीला लाव. काडतुसाला कोरडं फडकं." पुढच्या खेपेला आला तर मिशीला एवढं अत्तर, की चाचांनी खिडकी उघडली.

दुसऱ्या एकानं चाप हलका व्हावा म्हणून मुठीतला स्क्रू सैल केला होता. स्प्रिंगचा जोर गेला, घोडा टोपीला नुसता गोंजारायला लागला. त्याला चाचांनी इतकंच सांगितलं, "चोर आला तर त्याला सांग, थांब भावा, दुसऱ्यांदा ओढतो."

बुदैया गावाकडचा एक म्हातारा शेतकरी खजुरावरचे पक्षी उडवायची जुनी बंदूक परवान्याच्या कागदांसकट घेऊन आला होता. मिस्त्री कुठे, म्हणून विचारायला लागला. चाचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्या कुंकवाकडे, माझ्या हातातल्या पान्याकडे, परत कुंकवाकडे पाहिलं, "माशाल्ला" म्हणाला आणि बंदूक माझ्यापुढे ठेवून खाली बसला. नंतर दर हंगामाला खजूर पाठवायचा.

पण मला सांगायची आहे ती दत्ताराम पवारची गोष्ट.

दत्ताराम गुहागरकडचा. किडकिडीत, लाजरा, बोलताना जमिनीकडे बघणारा. पण नेम असा, की सगळ्या रखवालदारांत पहिला. त्यांच्यावरचे मुख्य म्हणजे सुभेदार शिंदे, साताऱ्याचे, पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. मिशा, कडक इस्त्री, आणि शब्द म्हणजे शेवट. दत्ताराम त्यांचा लाडका होता, पण लाड त्यांच्या पद्धतीचे. म्हणजे इतरांना एक शिवी, तर त्याला दोन.

दर काही महिन्यांनी रखवालदारांना शहराबाहेर भिंत घातलेल्या मैदानात नेऊन गोळीबाराची परीक्षा घेत. तिथे सुभेदारांचा नियम होता. ज्याचं हत्यार लागोपाठ दोन परीक्षांत अडलं, तो रखवालीवरून खाली. कारण हत्यार सांभाळणं ही त्याची जबाबदारी. आणि रखवालीवरून खाली म्हणजे दुसरं काम नाही, म्हणजे व्हिसा कॅन्सल, म्हणजे घरी.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या परीक्षेत दत्तारामचं रिव्हॉल्वर चौथ्या गोळीला अडलं. चापच ओढेना. मीही मैदानात होते, काडतुसं तपासायला. पोरगा पांढराफटक झाला.

रिव्हॉल्वर वर्कशॉपवर आणलं. आधी संशय काडतुसांवर. त्याच पेटीतली दुसऱ्या रिव्हॉल्वरमधून झाडली, सगळी गुणी. सहावी मोजली, तीही जागेवर. मग बघितलं तर पुढची दांडी एखादा आटा सैल. हे नेहमीचं दुखणं, दांडी सैल झाली की पुढे येते आणि चक्री अडवते. चाचा म्हणाले, "सापडलं गो." आम्ही दांडी घट्ट केली. चाप ओढून ओढून पाहिला, चक्री भिंगरीसारखी फिरली. रिव्हॉल्वर दत्तारामच्या हाती दिलं.

ज्याचं अडलं त्याची आठवड्यानं फेरपरीक्षा असे. तीन गोळ्या ठाक ठाक ठाक. चौथीला परत तेच!

सुभेदारांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं, चाप दाबून बघितला, आणि दत्तारामकडे न बघता म्हणाले, "दोनदा झालं, पवार. पट्टा जमा कर."

"साहेब, मी रोज पुसतो हो..."

"पट्टा."

मी मधे बोलायला गेले तर म्हणाले, "ताई, तुमी काम केलंत, तुमाला बोल न्हाई. हत्यार त्याच्या कमरंला व्हतं." तोंडावर रेषही हलली नाही. पण परत येताना गाडीत हे म्हणाले, "सुभेदार पुढच्या सीटवर रुमालानं नाक पुसत होता, आणि सर्दी तर नव्हती."

संध्याकाळी दत्ताराम मनाम्यात आमच्या खोलीवर आला. चहा समोर ठेवला तो तसाच निवला. म्हणाला, "वहिनी, शनिवारी साहेब मनाम्याच्या ऑफिसात कागद पाठवणार. वैशाखात माझं लगीन ठरलंय."

"मग करशील की लग्न."

"नाय हो. तिच्या बापानं तीनदा नकार दिलान. मी रखवालदार झालो, कमरेला हत्यार लावलेला फोटो गेला, तवा होकार दिलान. आता हत्यार सांभाळता येत नाय म्हणून हाकलला, असं गावात कळलं तर..."

हे म्हणाले, "मुलगी काय म्हणते?"

दत्ताराम जमिनीकडे बघत म्हणाला, "तिनं तर फोटोच्या आधीच हो म्हटलेलं."

आता सांगा, असल्या पोराला घरी जाऊ द्यायचं?

त्याचा जमा केलेला पट्टा, होल्स्टरसकट, वर्कशॉपवर माझ्या मशीनजवळच्या खिळ्याला टांगला होता. रिव्हॉल्वर चाचांनी कपाटात कुलपात ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, मशीनवरचं फडकं काढलं, आणि बघते तर भिंतीवरून मुंग्यांची रांग. खालून निघाली आहे ती थेट होल्स्टरच्या तोंडात!

पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? म्हटलं, मेल्यानं होल्स्टरमध्ये लाडू ठेवला असणार! दत्ताराम बाहेरच बसला होता, सकाळपासून. त्याला आत बोलावलं.

"काय रे, ह्यात खायचं ठेवायचास?"

"देवाशपथ नाय, वहिनी!"

"मग मुंग्यांना काय तुझा नेम आवडला?"

चाचा उठून आले. होल्स्टरमध्ये नाक घातलं. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली. म्हणाले, "बाय, बंदुकीच्या तेलाक मुंगी लागत नाय. लवकर कपाट उघड."

रिव्हॉल्वर काढलं. चक्री बाहेर घेतली, दांडी दाबून चांदणी उचलली. आम्ही आधीही उचलली होती बरं का, पण तेव्हा पुंगळी किंवा दारूचा कचरा शोधत होतो, आणि तो नव्हता. ह्या वेळी मी खिडकीशी उन्हात धरून भिंगातून पाहिलं. चांदणीच्या खाली, अगदी मुळाशी, पातळसा तपकिरी थर. वार्निश दिल्यासारखा. बांबूच्या काडीनं खरवडला तर पापुद्रा निघाला. मी बोट जिभेकडे नेलं, तर चाचा ओरडले, "खाऊ नको गो! तुझा नवरा माका काय म्हणेल?"

मग चाचांनीच युक्ती काढली. पापुद्रा कागदावर ठेवला आणि कागद मुंग्यांच्या वाटेवर. रांग मोडून मुंग्या कागदावर! दत्ताराम, चाचा आणि मी, तिघं गुडघ्यावर बसून बघत होतो. चाचा म्हणाले, "खलास. साखर हाय ती."

रिव्हॉल्वर मी दिव्याखाली धरून जरा तापवलं. थंड असताना जो थर काचेसारखा कडक होता, तो गुळाच्या पाकासारखा चिकट झाला. तेव्हा सगळं उलगडलं. थंड असताना चक्री मोकळी फिरे, म्हणून वर्कशॉपवर आम्हाला ती धडधाकट दिसली. तीन गोळ्यांनी लोखंड तापलं की थर फुगायचा, वर दारूची काजळी त्याला चिकटायची, चांदणी केसभर वर यायची, आणि चक्री मागच्या भिंतीला टेकायची.

पण साखर आली कुठून? मी होल्स्टर टेबलावर उलटं करून आपटलं. मुंग्या पडल्या, धूळ पडली, आणि त्यात एक तांदळाचा दाणा. लाल रंगाचा.

आम्ही तिघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

दसऱ्याला आमच्या वर्कशॉपवर शस्त्रपूजा होत असे. ही प्रथा सुभेदारांची, पलटणीतून आणलेली. चाचा आदल्या दिवशी आपलं टेबल रिकामं करून धुवायचे आणि सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, नारळ आणायचे. सुभेदार आंघोळ करून, टोपी घालून, स्वतः गंध, हळद-कुंकू, अक्षता वाहायचे. आता सुभेदारांचा दुसराही नियम होता, आणि तोही बरोबर होता. टेबलावर ठेवलेलं कुठलंही हत्यार रिकामं आणि चक्री उघडी पाहिजे, म्हणजे सगळ्यांना दिसतं की आत काडतूस नाही. तर पूजेलाही सगळी रिव्हॉल्वरं पोट उघडून मांडलेली. आणि सर्वांत पुढे, देवाच्या तसबिरीला लागून, मानाचं हत्यार. त्या वर्षी मान दत्तारामच्या रिव्हॉल्वरला मिळाला होता. तिथेच, हातभर अंतरावर, दगडावर सुभेदारांनी नारळ फोडला. पलटणीच्या माणसाचा हात तो. एका घावात नारळाच्या चिंधड्या आणि पाण्याचा फवारा चौफेर. आम्ही सगळे "गणपती बाप्पा" म्हणून ओरडलो आणि तोंडं पुसली. रिव्हॉल्वरची तोंडंही पुसली, बाहेरून. पोटात काय गेलं ते कोण बघणार? पाणी ते, दिसत थोडंच होतं! पूजेच्या वेळी सुरक्षेचा नियम पाळला नसता, तर काही झालं नसतं. नियम पाळून पूजा केली नसती, तरीही काही झालं नसतं.

चाचा खो खो हसायला लागले. "नारळ आणला मी, फोडला शिंद्यानं, नि पाणी प्याली बंदूक!"

मीही हसले. दत्ताराम मात्र हात जोडून उभा. "वहिनी, साहेबांना सांगू नका."

"अरे वेड्या! तुझी नोकरी वाचते ना!"

"देवाच्या नारळाला दोष लावायचा? आणि साहेबांनी मला मान दिला, त्याचं हे फळ म्हणून त्यांना दाखवायचं? दुसरं काहीतरी सांगा. नाय तर जातो मी गावाला."

मी चाचांकडे पाहिलं. म्हटलं, "तुम्ही बोला, तुमचं ऐकतील." चाचांचं हसू थांबलं. ते म्हणाले, "तूच विचार कर बाय. इतकी वर्सां मी टेबल धुवून देतो, शिंदा माका पहिला प्रसाद देतो. आता मी जाऊन सांगू, तुझ्या पूजेनं बंदूक बिघडली? तो काय बोलणार नाय. पण पुढच्या वर्षी टेबल मागायला लाजेल." मग म्हणाले, "तू सांग. तुझ्या हातचं गोड लागतं त्याला."

मग काय, सांगायचं माझ्याकडे आलं. शुक्रवारची सुट्टी होती, शनिवारी सकाळी कागद जायचा. ह्यांना म्हटलं, गाडी काढा. सुभेदारांच्या खोलीवर गेलो. ते बनियनवर बसून बुटांना पॉलिश करत होते. माझ्याकडे पाहून आधी शर्ट घातला, मग "या ताई" म्हणाले.

मी प्रस्तावना फार केली नाही. कागदाच्या पुडीतला तो लाल दाणा त्यांच्यापुढे ठेवला. "हा दत्तारामच्या होल्स्टरमध्ये सापडला. आणि चांदणीखाली नारळाचं पाणी वाळलेलं होतं."

सुभेदारांनी दाणा उचलून तळहातावर घेतला. उजेडाकडे धरून उलटसुलट केला. मी म्हटलं, आता उठतात की काय! ह्यांनी तर दाराकडे सरकायला सुरुवात केली होती.

"कुंकू तेलात कालवून अक्षता मीच करतो," ते म्हणाले. "आईची रीत. अशी लाल दुसऱ्या कुणाची न्हाई व्हत." मग दाणा परत पुडीत ठेवला. "म्हंजे ताई, मानाला लावलेलं हत्यार मीच अडवलं, आणि पोरगं घालवायला बसलो व्हतो?"

"मुद्दाम नाही कुणी केलं, सुभेदार."

"त्यानं का न्हाई सांगितलं मला?"

"त्याला माहीत नव्हतं. कळल्यावर म्हणाला, सांगू नका. तुम्ही मान दिलात, तो परत तुमच्या तोंडावर कसा मारू."

सुभेदार उठले आणि खिडकीपाशी गेले. ह्यांनी सांगितलं होतं तसाच रुमाल निघाला, तेच नाक. मग एकदम वळून म्हणाले, "अडाणी हाय बेणं! घरी गेलं असतं तरी बोललं नसतं!" आणि ह्यांना, "उद्या सकाळी गाडी मैदानावर घ्या. सगळ्यांना आणा. कागद माझ्या खिशात ऱ्हाईल."

शनिवारी मैदानावर सगळे रांगेत उभे. मी आणि चाचांनी रिव्हॉल्वर गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, तेलाचा नुसता हात फिरवून आणलं होतं. सुभेदारांनी ते दत्तारामच्या हाती दिलं. "झाड."

सहा गोळ्या गेल्या. चौथीही न अडता गेली. पुंगळ्या पडल्या, परत सहा भरल्या, परत सहा गेल्या. आता लोखंड हाताला चटका देत असणार. सुभेदार म्हणाले, "आणखी." परत सहा. चक्री कुठे म्हणून अडली नाही. सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. करीमबक्षनं जोरात "वाह!" केलं आणि मग सुभेदारांकडे पाहून तोंड मिटलं.

सुभेदारांनी खिशातून कागद काढला, चार तुकडे केले, आणि रांगेकडे तोंड करून हिंदीत म्हणाले, "पवार का हथियार पवार की वजह से नहीं अटका था. दशहरे को नारियल मैंने फोडा, उसका पानी अंदर गया. पवार बेकसूर." मग मराठीत, फक्त दत्तारामला, "वैशाखात किती दिवस रजा पायजे त्ये लिहून दे. आणि पुन्हा तोंड शिवून उभा ऱ्हायलास तर मीच तुला गोळी घालीन."

दत्तारामनं वाकून नमस्कार केला, तो सुभेदारांनी अर्ध्यात अडवला.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. सुभेदार आपलं हत्यार कुणाच्या हाती देत नसत. साफ करायचे ते स्वतः, दार लावून. चाचांनीही इतक्या वर्षांत ते उघडं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांनी कमरेचं रिव्हॉल्वर काढलं, रिकामं केलं, चक्री उघडली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"ताई, पूजेत हे दुसऱ्या नंबरला ठेवलं व्हतं. बघा."

मी चांदणी उचलली आणि बोटाचं नख लावलं. नख चिकटलं.

मी ते चिकट नख त्यांच्यापुढे धरलं. सुभेदारांच्या मिशा आधी थरथरल्या, मग त्यांना हसू फुटलं, असं मोठ्यानं की भिंतीवरची कबुतरं उडाली. चाचा लवंग गिळून बसले, खोकता खोकता हसत होते. आणि रांगेतले सगळे जण, कुणी हुकूम न देता, आपापली रिव्हॉल्वरं रिकामी करून, चक्र्या उघडून, माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सर्वांत पुढे दत्ताराम, एका हातात गरम पाण्याचा थर्मास आणि दुसऱ्या हातात माझं फडकं घेऊन. पहिल्यांदाच तो जमिनीकडे बघत नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "आधी साहेबांचं."